हायड्रॉलिक शक्ती काढताना सॉफ्टवेअरमध्ये एककं कशी सांभाळायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पंपाचा दाब २०० बार आणि प्रवाह मिनिटाला ६० लिटर. कागदावर ‘बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले ६००’ हे नेहमीचं सूत्र लावलं की २० किलोवॅट येतात. तेच सूत्र आणि तेच आकडे मॅथकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एककांसकट टाकले की उत्तर येतं ३३.३ वॅट. एवढ्यात फार तर एखादा दिवा पेटेल, आणि आपण तर अख्खा प्रेस चालवायला निघालेलो असतो.

नव्याने शिकणारे बहुतेक जण इथेच अडतात. मग कुणी एककं काढून टाकतो, कुणी उत्तराला ६०० ने गुणून ‘जमलं’ म्हणतो आणि पुढे जातो. हे दोन्ही मार्ग मी वापरून पाहिले आहेत. दोन्हींमुळे पुढच्या पानांवर जास्त मोठ्या चुका झाल्या. म्हणून ज्या क्रमाने हे सगळं मला आधी कुणी सांगायला हवं होतं, त्या क्रमाने इथे मांडतो आहे.

एक सूचना: इथे एककांची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, त्या सॉफ्टवेअरला समजतील तशीच टाकायची. तिथे लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष असू द्या. स्मॉल एम म्हणजे मिली आणि कॅपिटल एम म्हणजे मेगा. पास्कलच्या आधी यातलं चुकीचं अक्षर पडलं तर उत्तर शंभर कोटी पटींनी हलतं.

सुरुवात करण्याआधी हाताशी हे ठेवा:

- पंपाचं तांत्रिक माहितीपत्रक: डिस्प्लेसमेंट (पंप एका फेऱ्यात किती तेल ढकलतो), कमाल दाब, व्हॉल्युमेट्रिक (गळती वजा जाता प्रत्यक्ष किती प्रवाह मिळतो) आणि एकूण कार्यक्षमता
- मोटरचा वेग, पूर्ण भारावरचा
- तेलाचं माहितीपत्रक: घनता, आणि ज्या तापमानाला काम चालणार त्या तापमानाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा)
- दाब कुठे मोजला आणि तो गेज (हवेच्या दाबापासून मोजलेला) आहे की निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला), याची नोंद
- एककं समजणारं सॉफ्टवेअर: मॅथकॅड, एसमॅथ, मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅबचा सिम्बॉलिक टूलबॉक्स, किंवा पायथॉनमधली पिंट ही लायब्ररी
- एक कोरा कागद. पडताळा त्यावरच होतो.

१. आधी ६०० कुठून आला ते पाहा

मूळ सूत्र अगदी साधं आहे: शक्ती = दाबातला फरक × प्रवाह. यात कुठलाही स्थिरांक नाही. दाब पास्कलमध्ये आणि प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात घेतला की उत्तर थेट वॅटमध्ये येतं. पास्कल म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर. त्याला घनमीटर प्रति सेकंदाने गुणलं की न्यूटन-मीटर प्रति सेकंद उरतं, आणि तोच वॅट.

मला हे खऱ्या अर्थाने कळलं ते दाबाकडे वेगळ्या नजरेने पाहिल्यावर. दाब म्हणजे दर घनमीटर तेलात भरलेली ऊर्जा. १ बार म्हणजे घनमीटरमागे १ लाख ज्यूल. पंप सेकंदाला किती घनमीटर ढकलतो हे कळलं की सेकंदाला किती ज्यूल जातात तेही कळतं. एवढं डोक्यात बसलं तर सूत्र पाठ करावं लागत नाही.

आता १ बार म्हणजे १,००,००० पास्कल आणि मिनिटाला १ लिटर म्हणजे सेकंदाला १ भागिले ६०,००० घनमीटर. यांचा गुणाकार १.६६७ वॅट, म्हणजेच १ भागिले ६०० किलोवॅट. सहाशेचा उगम एवढाच. तो फक्त बार, लिटर, मिनिट आणि किलोवॅट यांच्यातला रूपांतराचा आकडा आहे.

सॉफ्टवेअरला तुम्ही ‘२०० बार’ सांगता तेव्हा हे रूपांतर ते स्वतःच करतं. त्यावर तुम्ही पुन्हा ६०० ने भागलंत की एकच काम दोनदा होतं. २० किलोवॅट भागिले ६०० म्हणजे ३३.३ वॅट. सुरुवातीचं कोडं सुटलं.

पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि गॅलनच्या सूत्रातला १७१४ हाही त्याच जातीचा आकडा आहे. अमेरिकी गॅलन म्हणजे नेमके २३१ घनइंच. १ पीएसआय दाबाने १ गॅलन ढकललं की २३१ इंच-पाउंड काम होतं. जेम्स वॉटने ठरवलेली हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड, म्हणजे ३,९६,००० इंच-पाउंड. ३,९६,००० ला २३१ ने भागा, १७१४.३ येतात. एकदा स्वतः कागदावर करून बघा. नंतर कुठल्याही सूत्रात असा विचित्र आकडा दिसला की ‘यात कुठली एककं लपली आहेत?’ हा प्रश्न आपोआप पडायला लागतो.

२. एककांसकट की एककांशिवाय, हे पहिल्याच ओळीत ठरवा

पद्धती दोन आहेत आणि दोन्ही चालतात.

पहिली: प्रत्येक राशीला एकक जोडायचं आणि सूत्र शुद्ध ठेवायचं. ६००, १७१४, ६०, १००० असले आकडे त्या फाइलीत दिसताच कामा नयेत.

दुसरी: सगळे आकडे सुरुवातीलाच पास्कल, घनमीटर प्रति सेकंद, रेडियन प्रति सेकंद असे करून घ्यायचे, हिशेब नुसत्या आकड्यांत करायचा आणि शेवटी एकदाच किलोवॅटमध्ये आणायचं. सॉफ्टवेअरला एककं समजत नसतील किंवा हिशेब लाखो वेळा फिरवायचा असेल तर ही बरी. मात्र मग चलाच्या नावातच एकक लिहा: ‘दाब_पास्कल’, ‘प्रवाह_घमीसे’. टिपणीत लिहिलेलं एकक दोन आठवड्यांनी कुणी वाचत नाही.

घात होतो तो या दोन्हींची सरमिसळ केल्यावर. अर्ध्या ओळी एककांसकट, अर्ध्या जुन्या तक्त्यातून उचललेल्या नुसत्या आकड्यांच्या. अशी फाइल हाती आली तर ती दुरुस्त करत बसू नका, नवी लिहा. वेळ कमी लागतो.

शिकण्यासाठी पहिलीच पद्धत घ्या, असं माझं ठाम मत आहे. चूक झाली तर उत्तराचं एकक बिघडतं आणि चूक कुठे आहे ते तेच दाखवतं. नुसत्या आकड्याला तोंड नसतं.

३. आकडा जिथे वाचला तिथेच एकक जोडा

फाइलीत वरच्या बाजूला फक्त मूळ माहिती ठेवा आणि प्रत्येक आकडा माहितीपत्रकावर आहे त्याच एककात लिहा. २०० बार दिले असतील तर २०० बारच लिहा, २ कोटी पास्कल नको. मनातल्या मनात रूपांतर केलेला आकडा पुढे कुणालाच मूळ कागदाशी ताडून पाहता येत नाही.

इथे ज्या खाचखळग्यांत पाय अडकतो ते असे.

*दाबाच्या डायलवरचा किलो प्रति चौरस सेंटिमीटर.* हा किलो वस्तुमानाचा नाही, बलाचा आहे: किलोग्रॅम-बल. १ किलोग्रॅम-बल प्रति चौसेंमी म्हणजे ०.९८०६६५ बार. सॉफ्टवेअरमध्ये साधा किलोग्रॅम टाकलात तर त्याला तो दाब वाटतच नाही. पाउंडचंही तसंच. वस्तुमानाचा पाउंड वेगळा, बलाचा वेगळा. शक्यतो सॉफ्टवेअरमधलं तयार पीएसआय हे एककच वापरा.

*गॅलन.* नुसतं गॅलन लिहिलं तर पिंट, मॅथेमॅटिका आणि एक्सेलचं रूपांतराचं फंक्शन ते अमेरिकी धरतात, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. फरक २० टक्के. या चुकीत एकक बिघडत नाही, मिती (म्हणजे राशी लांबी, वेळ, दाब यांपैकी कुठल्या प्रकारची ते) जुळते, उत्तरही पटण्यासारखं दिसतं, म्हणून ती सापडता सापडत नाही. माहितीपत्रक कुठल्या पद्धतीचं आहे ते पाहूनच पुढे जा.

*हॉर्सपॉवर.* वॉटची यांत्रिक हॉर्सपॉवर ७४५.७ वॅट, मेट्रिक ७३५.५ वॅट. फरक दीड टक्क्याच्या आत आहे. मोटर निवडताना फारसा जाणवत नाही, पण दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी इथे पाहा.

*गेज की निरपेक्ष.* सॉफ्टवेअरला ‘बार’ कळतो, तो गेज आहे की निरपेक्ष हे कळत नाही. शक्तीसाठी आपल्याला पंपाच्या दोन बाजूंतला फरक हवा असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे दाब एकाच जातीचे घ्या. एक गेज आणि एक निरपेक्ष घेतला तर साधारण १ बारची चूक होते. २०० बारच्या पंपाला ती अर्धा टक्का. ३ बारच्या ल्युब्रिकेशन पंपाला मात्र ती एक तृतीयांश.

*कार्यक्षमता.* ८७ टक्के असेल तर ०.८७ लिहा, किंवा सॉफ्टवेअरचं टक्क्याचं चिन्ह वापरा. नुसते ८७ लिहिले तर मिती जुळलेलीच राहते आणि सॉफ्टवेअर अवाक्षर काढत नाही.

४. फेऱ्यांचा घोळ: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एका पॉवर पॅकसाठी (पंप, मोटर आणि टाकी एकत्र असलेला संच) पंप होता दर फेऱ्याला ४० सीसीचा, मोटर १,४५० आरपीएमची (मिनिटाला फेरे). मी फाइलीत लिहिलं: डिस्प्लेसमेंट = ४० घनसेंटिमीटर, वेग = १,४५० आरपीएम, प्रवाह = दोन्हींचा गुणाकार. सॉफ्टवेअरने लिटर प्रति मिनिटात उत्तर दिलं ३६४. एककं जुळली होती, कुठेही लाल रेघ नव्हती. पुढे २०० बारला १२१ किलोवॅट आले आणि मी त्या मापाची मोटर शोधायलाही लागलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “चाळीस सीसीच्या पंपाला एवढी मोटर कशी लागेल?” त्यांनी बोटांवर हिशेब केला: ४० सीसी गुणिले १,४५० म्हणजे ५८,००० सीसी, म्हणजे मिनिटाला ५८ लिटर.

३६४ भागिले ५८ म्हणजे ६.२८. अर्थात २ × पाय.

कारण असं. मॅथकॅड आणि पिंट या दोन्हींत आरपीएम हे कोनीय वेगाचं एकक आहे. एक फेरा म्हणजे २ × पाय रेडियन, आणि रेडियनला मिती नाही, तो नुसता १ धरला जातो. त्यामुळे १,४५० आरपीएम म्हणजे त्यांच्या लेखी १५१.८ प्रति सेकंद. आपल्याला हवे होते सेकंदाला २४.१७ फेरे. दोन्हींची मिती ‘एक भागिले सेकंद’ हीच, म्हणून सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते पाहायला अर्धा मिनिट लागतो. ‘१ आरपीएम’ लिहा आणि उत्तर ‘एक भागिले सेकंद’ या एककात मागा. ०.१०५ आलं तर ते रेडियन मोजतं. ०.०१६७ आलं तर फेरे मोजतं. हा आकडा फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवा.

उपाय साधा आहे: डिस्प्लेसमेंटला फेऱ्याचं एकक जोडा. ४० घनसेंटिमीटर *प्रति फेरा*, आणि वेग १,४५० फेरे प्रति मिनिट. मॅथकॅड आणि पिंट या दोन्हींत फेरा हे एकक आहे. मग वरचा फेरा आणि खालचा फेरा एकमेकांना खातात आणि ५८ लिटर प्रति मिनिट येतात, सॉफ्टवेअर आतून काहीही मोजत असो. माहितीपत्रकावरही ‘सीसी प्रति फेरा’ असंच छापलेलं असतं. ‘प्रति फेरा’ गाळायची घाई आपलीच असते.

टॉर्कला (शाफ्ट फिरवणाऱ्या पिळाला) हेच उलटं होतं. शक्ती = टॉर्क × कोनीय वेग, आणि इथे रेडियनच हवेत. १३९ न्यूटन-मीटरला नुसत्या ‘१,४५० भागिले मिनिट’ ने गुणलंत तर ३.४ किलोवॅट येतात. खरं उत्तर २१ किलोवॅटच्या घरात. म्हणजे प्रवाहासाठी फेरे आणि टॉर्कसाठी रेडियन. वेगाला नेहमी ‘फेरे प्रति मिनिट’ हे पूर्ण एकक जोडलं आणि डिस्प्लेसमेंटला ‘प्रति फेरा’ जोडलं की मॅथकॅड-पिंटसारख्या रेडियन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे बरोबर येतं. कुठे काय वापरायचं ते लक्षात ठेवावं लागत नाही.

आणखी एक सापळा इथेच दबा धरून बसलेला असतो. टॉर्कचं सूत्र पुस्तकात असं असतं: दाब × डिस्प्लेसमेंट ÷ (२ × पाय). पण डिस्प्लेसमेंटला तुम्ही ‘प्रति फेरा’ जोडलं असेल आणि सॉफ्टवेअर फेऱ्याला २ × पाय मानत असेल, तर तो भागाकार आधीच झालेला असतो. पुन्हा भागलंत तर टॉर्क सहा पटींनी कमी येतो. सहाशेचा जो प्रकार वर पाहिला, तोच हा. एकक जोडलं की त्याचा रूपांतराचा आकडा सूत्रातून काढायचा.

५. उत्तर ज्या एककात हवं ते मागा, आणि उरलेल्या एककाकडे बघा

मॅथकॅडमध्ये उत्तरापुढे एककाची रिकामी जागा असते. तिथे किलोवॅट टाकलं की उत्तर त्यात बदलून दिसतं. मिती जुळत नसेल तर उरलेलं एकक त्याच्या शेजारी येऊन उभं राहतं. पुष्कळ जण ते पाहून वैतागतात. माझ्या मते फाइलीतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, कारण उरलेलं एकक उलटं केलं की काय राहून गेलं ते कळतं:

- ‘सेकंद प्रति घनमीटर’ उरलं: प्रवाहाला एकक जोडलेलं नाही.
- ‘एक भागिले पास्कल’, किंवा त्याचं फोडलेलं रूप उरलं: दाबाला एकक नाही.
- नुसता ‘सेकंद’ उरला: प्रवाहात लिटर लिहिले, ‘प्रति मिनिट’ राहिलं. बार गुणिले लिटर म्हणजे ऊर्जा होते, शक्ती नाही.
- ‘सेकंदाचा वर्ग प्रति मीटर’ उरला: हा त्वरणाचा उलटा आहे. म्हणजे किलोग्रॅम-बलाच्या जागी साधा किलोग्रॅम पडला आहे.

पिंटमध्ये मांडणी वेगळी आहे आणि तिथला धोकाही वेगळा. २०० बार गुणिले मिनिटाला ५५.१ लिटर केलं की पिंट ‘११,०२० बार-लिटर प्रति मिनिट’ असं उत्तर ठेवतं. ते बरोबर आहे, फक्त अजून किलोवॅट झालेलं नाही. इथे घाईने नुसता आकडा उचलला तर पुढच्या तक्त्यात ११,०२० जातात आणि कुणीतरी त्यांना वॅट समजतं. आधी किलोवॅटमध्ये बदला, मगच आकडा काढा. या दोन क्रिया नेहमी एकाच ओळीत लिहायची सवय लावा. मॅटलॅबच्या सिम्बॉलिक टूलबॉक्समध्येही गुणाकार असाच न बदलता राहतो, रूपांतर सांगावं लागतं.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. सॉफ्टवेअर मिती तपासतं, अर्थ तपासत नाही. टॉर्कचा न्यूटन-मीटर आणि ऊर्जेचा ज्यूल त्याच्या दृष्टीने एकच. टॉर्क चुकून किलोज्यूलमध्ये दाखवायला सांगितला तरी ते मुकाट दाखवेल.

६. पुस्तकी सूत्रांतले विचित्र आकडे

पाइपमधल्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ आहे की खळबळता ते सांगणारा आकडा) काढायला हायड्रॉलिक्सच्या तक्त्यांत असं सूत्र भेटतं: २१,२२० × प्रवाह ÷ (व्यास × व्हिस्कॉसिटी). यात प्रवाह लिटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटर आणि व्हिस्कॉसिटी सेंटिस्टोक्समध्ये धरलेली आहे. एककांसकट काम करताना हे सूत्र वापरू नका. मूळ सूत्र लिहा: ४ × प्रवाह ÷ (पाय × व्यास × व्हिस्कॉसिटी). १ सेंटिस्टोक म्हणजे १ चौमिमी प्रति सेकंद. ५५.१ लिटर प्रति मिनिट, २५ मिमी आणि ४६ सेंटिस्टोक्स घातले की १,०१७ येतात, एककाशिवाय, तसे ते यायलाच हवेत. प्रवाह लॅमिनार, म्हणजे संथ, थरांथरांत वाहणारा आहे. इथे उत्तरापुढे काहीही एकक उरलं तर आत काहीतरी चुकलं आहे.

काही सूत्रांना मात्र असं शुद्ध रूप नसतं. व्हॉल्व्हचा केव्ही हा त्यातला. १ बार दाबफरकाला ताशी किती घनमीटर पाणी जातं, तो केव्ही. तिथे प्रत्येक राशीला तिच्या ठरलेल्या एककाने भागून नुसता आकडा करून घ्या आणि शेवटी एकक परत जोडा: प्रवाह = केव्ही × वर्गमूळ(दाबफरक ÷ बार ÷ सापेक्ष घनता) × घनमीटर प्रति तास. केव्ही ६.३, दाबफरक ०.५ बार आणि पाणी असेल तर ताशी ४.४५ घनमीटर येतात. ‘दाबफरक ÷ बार’ लिहिल्याचा फायदा असा, की वर दाबफरक पीएसआयमध्ये दिलेला असला तरी सूत्र चुकत नाही.

७. पाण्याचे पंप: हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो) मीटरमध्ये असेल तर

शक्ती = घनता × गुरुत्वत्वरण × प्रवाह × हेड. ताशी ९० घनमीटर आणि ४० मीटर हेडला ९.८१ किलोवॅट. तक्त्यातलं ‘घनमीटर प्रति तास × मीटर ÷ ३६७’ याच सूत्रातून निघतं, तेही फक्त पाण्यासाठी.

इथे स्मॉल जी या अक्षराची गडबड होते. मॅथकॅडमध्ये ते गुरुत्वत्वरण आहे आणि ग्रॅमसाठी वेगळं नाव आहे. पिंटमध्ये ते अक्षर ग्रॅमचं आहे. एकातली फाइल दुसऱ्यात उतरवताना हे आधी तपासा. स्वतःच्या चलांना एम, एल, जी अशी एकाक्षरी नावं देऊ नका. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे एककाचीच व्याख्या बदलते आणि पुढची सगळी पानं बिघडतात.

८. तापमान: फरक आणि तापमान वेगळे ठेवा

वाया गेलेली हायड्रॉलिक शक्ती तेल तापवते, त्यामुळे आज ना उद्या हा हिशेब करावा लागतो. २०० बारचं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) काहीही काम न करता टाकीत गेलं तर ते किती तापेल? दाबफरक ÷ (घनता × विशिष्ट उष्मा). घनता ८७० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा १,९०० ज्यूल प्रति किलोग्रॅम केल्विन धरा. उत्तर १२.१ केल्विन. इथवर ठीक. आता उत्तराचं एकक सेल्सिअस मागा: −२६१ अंश!

सॉफ्टवेअरने १२.१ केल्विनला ‘तापमान’ मानलं आणि त्यातून २७३.१५ वजा केले. आपल्याला हवा होता फरक. फरकासाठी केल्विन वापरा, किंवा तापमान-फरकाचं जे स्वतंत्र एकक असतं ते घ्या. पिंटमध्ये त्याला ‘डेल्टा’ लागलेलं असतं.

९. पूर्ण फाइल आणि कागदावरचा पडताळा

तर त्या ४० सीसीच्या पंपाचा हिशेब असा दिसायला हवा:

डिस्प्लेसमेंट := ४० घनसेंमी ÷ फेरा
वेग := १,४५० फेरे ÷ मिनिट
व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमता := ०.९५
एकूण कार्यक्षमता := ०.८७
दाबफरक := २०० बार

प्रवाह := डिस्प्लेसमेंट × वेग × व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमता → ५५.१ लिटर प्रति मिनिट
हायड्रॉलिक शक्ती := दाबफरक × प्रवाह → १८.३७ किलोवॅट
शाफ्टवरची शक्ती := हायड्रॉलिक शक्ती ÷ एकूण कार्यक्षमता → २१.११ किलोवॅट
टॉर्क := शाफ्टवरची शक्ती ÷ वेग → १३९ न्यूटन-मीटर

गणिताच्या चार ओळींत एकही रूपांतराचा आकडा नाही. एकूण कार्यक्षमतेत व्हॉल्युमेट्रिक आधीच धरलेली असते, म्हणून शाफ्टच्या ओळीत तिने पुन्हा भागायचं नाही. मोटर २१.११ च्या वरच्या मापाची, म्हणजे २२ किलोवॅटची.

टॉर्क दुसऱ्या वाटेनेही काढा. दाबफरक × डिस्प्लेसमेंट केलं की सैद्धांतिक टॉर्क १२७.३ न्यूटन-मीटर येतो. यांत्रिक कार्यक्षमता म्हणजे ०.८७ ÷ ०.९५, साधारण ०.९१६. १२७.३ ला तिने भागा, पुन्हा १३९. फेऱ्याचं एकक कुठे निसटलं असेल तर या दोन उत्तरांत फरक पडतो आणि तो नेमका २ × पाय पटींचा असतो, त्यामुळे लगेच ओळखू येतो.

पीएसआय-गॅलनमध्येही एकदा बघून घ्या. २०० बार म्हणजे २,९०१ पीएसआय आणि ५५.१ लिटर म्हणजे १४.५६ अमेरिकी गॅलन. गुणाकाराला १७१४.३ ने भागा: २४.६ यांत्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे पुन्हा १८.३७ किलोवॅट.

आणि फाइलीच्या तळाशी ही एक ओळ कायमची ठेवा:

फरक := हायड्रॉलिक शक्ती ÷ किलोवॅट − (दाबफरक ÷ बार) × (प्रवाह ÷ (लिटर ÷ मिनिट)) ÷ ६००

इथे प्रत्येक राशीचं एकक आधी काढून घेतलं आहे, म्हणून ६०० इथे चालतो. वर काहीही बदललं, दाब पीएसआयमध्ये दिला, प्रवाह घनमीटर प्रति तासात दिला, तरी या ओळीचं उत्तर शून्य यायला हवं. शून्याऐवजी दुसरं काही दिसलं तर मोटरचं माप ठरवू नका, आधी वर जाऊन प्रत्येक आकड्याचं एकक माहितीपत्रकाशी ताडून बघा.